फुटक्या काचेची जबाबदारी

आमच्या कोगनोळी गावाजवळून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. उत्तरेस दूधगंगेचा पूल ओलांडून पुढे गेले की कागल, म्हणजे महाराष्ट्र. दक्षिणेस थोडे पुढे निपाणी. ह्या रस्त्याने रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. कोणी ऊस नेतो, कोणी तंबाखू, कोणी यंत्रांचे सुटे भाग. ह्या गर्दीतच एखादी गाडी पोत्यांत भरलेल्या फुटक्या काचा घेऊन जाताना दिसते. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु त्या पोत्यांतील काही तुकडे कदाचित आपल्याच घरच्या लोणच्याच्या बरणीचे वा औषधाच्या बाटलीचे असतील. दारावर आलेल्या भंगारवाल्याने ती बाटली घेतली, ती त्याच्या गाड्यावरून वखारीत गेली, तेथे निवडून पोत्यात भरली गेली आणि आता ती काचेच्या भट्टीकडे निघाली आहे.

विद्यार्थी मित्रहो, ह्या प्रवासात ती काच कोणाच्या हाताला वा पायाला लागली, तर जबाबदारी कोणाची? आणि जबाबदार ठरलेल्या माणसाजवळ भरपाई देण्यास पैसाच नसेल, तर जखमी माणसाने काय करावे? ह्या दोन प्रश्नांचा विचार आम्ही ह्या लेखात करणार आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायदा देतो. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी जी व्यवस्था निघाली, तिला दायित्व विमा म्हणतात.

प्रथम ह्या धंद्याची थोडी ओळख करून घेऊ. फुटक्या काचेचा व्यापार हलका आहे असे पुष्कळांस वाटते. पण मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) ह्यांनी तरुणपणी आपल्या मामांबरोबर रिकाम्या बाटल्यांचाच व्यापार केला होता आणि काही काळ ‘बाटलीवाला’ हेच नाव लावले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काच बनविण्याच्या उद्योगाशीही मराठी माणसाचे नाते जुने आहे. अंताजी दामोदर काळे ह्यांनी प्रत्येकाकडून एक एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली त्या पैशांतून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. आमच्या ह्याच महामार्गाने उत्तरेस गेले असता कराड लागते. त्याजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंचा काच कारखाना होता. तेथला ‘प्रभाकर’ कंदील एके काळी घरोघरी लागत असे आणि आमच्या आजोबांच्या पिढीतील कित्येकांनी त्याच्याच उजेडात अभ्यास केला.

काच मुख्यतः वाळू, सोडा आणि चुनखडी ह्यांपासून होते. हे मिश्रण सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णतेत वितळवावे लागते. सोडा आणि चुनखडी हे दोन्ही कार्बोनेट असल्यामुळे तापल्यावर त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो, म्हणून जितका कच्चा माल घालावा तितकी काच मिळत नाही. फुटकी काच मात्र ह्या सर्व क्रियांतून एकदा पार पडलेली असते. ती लवकर वितळते आणि तिच्यातून वायूही निघत नाही. एक टन फुटकी काच घातली असता सुमारे १.२ टन कच्चा माल वाचतो, आणि मिश्रणात दर दहा टक्के फुटकी काच वाढविली की भट्टीचे इंधन अडीच ते तीन टक्के कमी लागते. शिवाय काच कितीही वेळा वितळविली तरी तिचा कस उतरत नाही. तेव्हा हा धंदा देशाच्या उपयोगाचा आहे ह्यात शंका नाही. पण तो धारेवरचा धंदा आहे.

त्यातील धोके चार ठिकाणी दिसतात. पहिला धोका निवडणाऱ्याच्या हाताला. पांढरी, हिरवी व तपकिरी काच हाताने वेगळी करताना जखमा होतात. आणि बाटलीत पूर्वी काय होते हे बाहेरून कळत नाही. दुसरा धोका डोळ्यांना व श्वासाला. काच फोडताना बारीक कण उडतात आणि धूळ होते. काच कारखान्यात कच्च्या वाळूची धूळ ह्याहूनही वाईट, कारण तीत स्फटिकरूप सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे फुप्फुसांत गेल्याने सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. तिसरा धोका त्रयस्थाला. वखारीच्या कुंपणाबाहेर सांडलेला तुकडा अनवाणी मुलाच्या पायात जातो. गाडीतून पडलेले पोते सायकलस्वारास पाडते. चौथा धोका पुष्कळ दूरचा व सहसा न दिसणारा. काचेच्या पोत्यात चिनी मातीच्या बशीचा वा दगडाचा तुकडा राहिला, तर तो भट्टीत वितळत नाही. प्रयोगशाळेतील उष्णतारोधक काचेचा तुकडाही साध्या काचेत नीट मिसळत नाही. नव्या बाटलीत तो खड्यासारखा बसून राहतो. काच आणि खडा तापताना व निवताना सारख्या प्रमाणात प्रसरण वा आकुंचन पावत नाहीत, म्हणून त्या जागी ताण राहतो आणि आतल्या वायूच्या दाबाने बाटली तेथेच फुटू शकते. वखारीतील एका दुर्लक्षाचे फळ शेकडो मैलांवरच्या माणसास भोगावे लागते, ते असे.

आता कायद्याकडे वळू. दुसऱ्याची हानी होणार नाही इतकी काळजी घेणे हे कर्तव्य आहे, आणि ते न पाळल्यास भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व आज आपणांस उघड वाटते. पण ते किती दूरवर लागू करावे ह्याविषयी पूर्वी मोठा वाद होता. गंमत अशी की तो मिटविण्याच्या कामी एका बाटलीनेच हातभार लावला. स्कॉटलंडमधील पेझली गावी २६ ऑगस्ट १९२८ रोजी मे डोनोह्यू नावाच्या बाईंस त्यांच्या मैत्रिणीने आल्याचे पेय घेऊन दिले. बाटली गडद काचेची असल्याने आतले दिसत नव्हते. काही पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतले, तो त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी त्यांची तक्रार होती. बाईंनी स्वतः पैसे दिले नव्हते, म्हणजे दुकानदाराशी त्यांचा करार नव्हता. आणि पेय करणाऱ्याशी तर मुळीच नव्हता. तरीही १९३२ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने बहुमताने ठरविले की, आपल्या कृतीमुळे ज्यास इजा पोहोचेल हे आपणांस आधी दिसावयास हवे, तो प्रत्येक जण कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी होय, आणि त्याची काळजी घेणे आपल्यावर बंधनकारक आहे. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अशा एका उपाहारगृहातील सेविकेचे प्रकरण आले, जिच्या हातातच शीतपेयाची बाटली फुटली होती. तेथेही बाटली भरणाऱ्या कंपनीस जबाबदार धरण्यात आले.

आपल्या देशात हे तत्त्व निरनिराळ्या कायद्यांत आले आहे. कामगारांविषयीचा कायदा १९२३ सालचा. काम करीत असता व कामामुळे अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही कामगारास भरपाई मिळते, हा त्याचा गाभा. सिलिकोसिससारखे धंद्यातून जडणारे रोगही त्यात धरलेले आहेत. ‘हा माणूस माझा नव्हे, कंत्राटदाराचा’ असे म्हणून मुख्य मालकास हात झटकता येत नाहीत. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ह्या तरतुदी घेण्यात आल्या. मालाच्या दोषामुळे ग्राहकास इजा झाल्यास उत्पादक, विक्रेता व सेवा देणारा ह्यांच्यावर कोणती जबाबदारी येते, ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एका स्वतंत्र प्रकरणात सांगितले आहे. रस्त्यावरील वाहनाने त्रयस्थास होणाऱ्या हानीसाठी विमा काढणे तर सक्तीचे आहे. ती सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होती व १९८८ च्या कायद्यातही आहे.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसे मेली. पुढच्याच वर्षी दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणी सरन्यायाधीश भगवती ह्यांच्या पीठाने असा निर्णय दिला की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्यावर हानीची जबाबदारी निरपवाद आहे. त्याने सर्व काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. त्यानंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला आणि ठरावीक मर्यादेहून अधिक धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांस विमा काढणे सक्तीचे झाले. अपघातग्रस्तास तातडीच्या मदतीसाठी पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पण येथे एक बारकावा आहे. फुटकी काच ही त्या कायद्याच्या अर्थाने धोकादायक पदार्थ नव्हे. वखारीत ज्वालाग्राही वायूचा वा तत्सम पदार्थाचा तेवढा मोठा साठा नसेल, तर ही सक्ती तिला लागू होत नाही. म्हणजे कुंपणाबाहेर पाय कापलेल्या मुलाच्या बापास मालकाचा निष्काळजीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि मालकाने विमा काढला आहे की नाही हे केवळ मालकाच्या विवेकावर राहते. आमच्या मते ह्या विषयातील कळीची जागा हीच आहे.

दायित्व विमा म्हणजे काय, ते समजण्यास पैसा फंडाची आठवण पुरेशी आहे. एका माणसाच्या एका पैशात कारखाना निघत नाही; सहस्रावधींच्या एकेका पैशात निघतो. विम्याचेही तसेच आहे. शंभर वखारवाल्यांपैकी वर्षात एखाद्यावरच मोठा दावा येईल, पण तो कोणावर येईल हे कोणास ठाऊक नसते. म्हणून सर्वांनी थोडा थोडा हप्ता भरावयाचा आणि ज्यावर प्रसंग आला त्याच्या वतीने त्या साठ्यातून भरपाई द्यावयाची. आगीच्या विम्यात आपली वस्तू जळाली असता आपणांस पैसे मिळतात. दायित्व विम्यात मात्र आपल्याकडून ज्याची हानी झाली, त्याच्या पदरी पैसे पडतात. हप्ता एकाने भरावा आणि भरपाई दुसऱ्यास मिळावी, अशी ही रचना आहे.

काचेच्या वखारीस साधारणपणे असे तीन विमे लागतात. आपल्या कामगारांसाठी एक, वखारीमुळे त्रयस्थास होणाऱ्या इजेसाठी सार्वजनिक दायित्वाचा दुसरा, आणि विकलेल्या मालातील दोषासाठी तिसरा. मोटारीचा विमा ह्याहून निराळा. सीमेवरच्या आम्हांस हेही सांगितले पाहिजे की वर उल्लेखिलेले कायदे केंद्राचे आहेत. दूधगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, तत्त्व एकच.

एक उदाहरण घेऊ; त्यातील आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. समजा, एका वखारवाल्याच्या विमापत्रात एका अपघातास १० लाख रुपये आणि साऱ्या वर्षास २० लाख रुपये अशी मर्यादा आहे, आणि प्रत्येक दाव्यातील पहिले १० हजार त्याने स्वतः सोसावयाचे आहेत. न्यायालयाने ३ लाखांची भरपाई ठरविली, तर विमा कंपनी २ लाख ९० हजार देईल व १० हजार मालक देईल. पण भरपाई १३ लाखांची ठरली, तर मर्यादेवरचे ३ लाख मालकालाच उभे करावे लागतील. म्हणून हप्ता वाचविण्यासाठी मर्यादा फार कमी ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

विमापत्र वाचताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. सार्वजनिक दायित्वाच्या विम्यात बहुधा अपघात आणि त्याविषयीचा दावा हे दोन्ही विम्याच्या ठरलेल्या मुदतीत यावे लागतात. म्हणून मध्येच हप्ता चुकला तर मागची सर्व वर्षे भरलेले पैसे ऐन वेळी निरुपयोगी ठरू शकतात. सरकारने केलेला दंड विमा भरून देत नाही. जाणूनबुजून कायदा मोडल्याने झालेली हानीही त्यात येत नाही. आणि अर्ज भरताना खरे सांगावे लागते. विम्याचा करार परम विश्वासाचा मानला आहे. वखारीत बारा माणसे काम करीत असता चारच दाखविली, रुग्णालयातील औषधांच्या कुप्या घेत असताना ‘फक्त घरगुती बाटल्या’ असे लिहिले, तर दाव्याच्या दिवशी तेच कागद मालकाच्या विरुद्ध उभे राहतात. अशा कुप्यांसाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत निळ्या खुणेचे निराळे खोके सांगितले आहे. त्या सरळ भंगारात येताच कामा नयेत.

ह्या बारा आणि चार माणसांच्या हिशेबातच आमच्या विषयाचे मर्म आहे. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याची कायद्याने ठरलेली भरपाई कागदावर असते, पण ती मिळविताना आपण तेथे कामास होतो हेच त्यास प्रथम सिद्ध करावे लागते. वखारीच्या दारात बसून काचा निवडणारी बाई, पोत्यामागे मजुरी घेणारा हमाल, उकिरड्यावरून बाटल्या वेचून आणणारी स्त्री, ह्यांचे मालक कोण? कोणीच नाही, असे उत्तर फार वर्षे दिले जात होते. पुण्यात १९९३ साली ह्या वेचक स्त्रियांनी डॉ. बाबा आढाव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली संघटना बांधली. तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. काच हा शब्द त्यांनी अभिमानाने आपल्या नावात घेतला. प्रथम त्यांनी ओळखपत्रे मागितली, व पुणे महानगरपालिकेने ती मान्य केली. मग २००२-०३ मध्ये नोंदणी झालेल्या वेचकांसाठी वैद्यकीय विम्याची योजना महानगरपालिकेने सुरू केली. शहराचा कचरा कमी करून ह्या स्त्रिया पालिकेचा खर्च वाचवितात, तेव्हा त्यांच्या आजारपणाचा भार पालिकेने काही अंशी उचलावा, हा त्यामागचा न्याय. हा विमा दायित्वाचा नव्हे, आजारपणाचा आहे, हा भेद विसरू नये. पण दोहोंस पाया एकच लागतो. माणसाची प्रथम नोंद व्हावी लागते. नोंद नसलेल्या माणसाचा विमा उतरत नाही.

येथे कोणी विचारील की, विमा काढला म्हणजे मालक बेफिकीर होणार नाही काय? शंका रास्त आहे. म्हणूनच कंपन्या पहिली रक्कम मालकावर ठेवतात आणि वारंवार दावे आल्यास हप्ता वाढवितात. पण ह्यापेक्षा मोठे उत्तर असे की, विमा पैसे देतो, डोळा देत नाही. कापलेली नस जुळली तरी हाताची पकड पूर्ववत होईलच असे नाही. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पायांत भक्कम जोडे, धूळ बसविण्यासाठी पाण्याचा फवारा, पोत्यांऐवजी कठीण पेट्या, गाडीवर घट्ट ताडपत्री, कुंपणाच्या बाहेर रोजचा झाडू, ह्या गोष्टी प्रथम; विमापत्र त्यानंतर. काळजी घेऊनही जे टळले नाही त्याच्यासाठी विमा आहे. काळजीच्या जागी तो ठेवता येत नाही.

आता ह्यात आपले कर्तव्य कोणते? घरात पेला फुटला की आपण तुकडे गोळा करतो आणि केरात टाकून मोकळे होतो. त्या क्षणी काच आपल्या घरातून गेली, पण आपली जबाबदारी गेली नाही. त्या केरात दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी हात जाणार आहे. फुटकी काच जाड कागदात गुंडाळावी, दोरीने बांधावी व वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहावे. बाटली धुऊन, झाकण काढून भंगारात द्यावी. बशीचे तुकडे काचेत मिसळू नयेत. विजेचे दिवे व नळ्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण काही नळ्यांत पारा असतो. ह्यास पैसा लागत नाही. आणि ज्यांच्या घरी असा धंदा आहे, त्या मुलांनी आज संध्याकाळी वडिलांस एवढेच विचारावे: आपल्या वखारीत कामास किती जण आहेत, आणि त्यांपैकी किती जणांची नावे आपल्या वहीत आहेत?

हे दोन आकडे सारखे असतील, तर विमापत्र केव्हाही काढता येईल. ते सारखे नसतील, तर सुरुवात त्या वहीपासूनच केली पाहिजे.